चेंगदूत शिकवायला आले आहे, आधी काय आटपू?

कृष्णाकाठ | २७ ऑगस्ट २०२५

नमस्कार मंडळी,

इतकी वर्षं इथे नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांगलीत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवत होते. आता चीनमध्ये चेंगदूला, एका खाजगी शाळेच्या आंतरराष्ट्रीय विभागात ए-लेव्हलच्या (ब्रिटिश पद्धतीची, आपल्या बारावीच्या तोडीची परीक्षा) मुलांना शिकवायला आले आहे. तियानफू विमानतळावर शाळेचा माणूस न्यायला आला होता. सध्या मुक्काम हॉटेलात, खर्च शाळेचा. १ सप्टेंबरपासून वर्ग.

शाळेने हातात कामांची यादी ठेवली आहे. वैद्यकीय तपासणी, पोलिसांत नोंद, सिम, बँक खातं, घर, वास्तव्य परवाना. सगळ्यांपुढे "लवकर" असं लिहिलंय, पण आधी कुठलं ते कुणी सांगत नाही. बँक फोन नंबर मागते, घरमालकाला भाडं मोबाइलवरून हवंय, मोबाइलवरून द्यायला बँक खातं हवं. त्यात मी शाकाहारी (अंडं चालतं). नवरा आणि सासूबाई सांगलीत, त्यांच्याशी बोलायची सोय बघायची आहे.

व्हिसा झेड (नोकरीचा) आहे. पदवी, अनुभवाचा दाखला, पोलीस दाखला सगळं शिक्क्यांसकट आणलंय. चीनमध्ये राहिलेल्यांनी जरा मार्ग दाखवा.

---

गजाभाऊ ग्वांगझौ | २७ ऑगस्ट

ताई, अभिनंदन आणि स्वागत.

झेड व्हिसा हा फक्त आत शिरण्यापुरता असतो. उतरल्यापासून ३० दिवसांच्या आत वास्तव्य परवान्याचा अर्ज गेला पाहिजे. ती तारीख कॅलेंडरवर लाल करा आणि बाकीची कामं तिच्यावरून मागे मोजत या.

हॉटेलात आहात तोवर पोलिसांतली नोंद हॉटेलवालेच करतात. स्वतःच्या घरात गेलात की २४ तासांच्या आत जवळच्या पाईछूसुओत, म्हणजे पोलीस चौकीत, नोंद करायची. तिथे भाडेकरार, मालकाच्या ओळखपत्राची आणि घराच्या मालकीच्या कागदाची प्रत लागते. म्हणून घर बघताना खिडकी-किचनच्या आधी एकच विचारा, परदेशी माणसाची नोंद करायला मालक तयार आहे ना? काही मालक "कटकट नको" म्हणून टाळतात. असं घर कितीही देखणं असलं तरी सोडून द्या.

आता खरी मेख. परवान्याचा अर्ज दिला की पासपोर्ट ते ठेवून घेतात आणि पावती देतात. दोन-तीन आठवडे गेले असं धरा. पावतीवर रेल्वे आणि हॉटेल निभावतं, बँकेत मात्र निभेलच असं नाही. तेव्हा पासपोर्ट हातात आहे तोवर आधी सिम घ्या (पासपोर्टवर नोंद होते, फोटो काढतात), त्याच आठवड्यात बँक गाठा. काही शाखा परवान्याशिवाय परदेशी माणसाचं खातं उघडत नाहीत. शाळेचे पगार ज्या शाखेत होतात तिथेच जा आणि ऑफिसमधलं कुणीतरी सोबत न्या. एकटं जाऊ नका, दिवस फुकट जातो.

वैद्यकीय तपासणीला उपाशी पोटी जायचं. रक्त, छातीचा एक्स-रे, ईसीजी, सोनोग्राफी. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत इतक्या भराभर पाठवतात की तासाभरात मोकळ्या व्हाल.

---

अनुस्वार | २८ ऑगस्ट

गजाभाऊंना +१.

खातं होईपर्यंत अलीपे (मोबाइलवरून पैसे द्यायचं चिनी अॅप) वापरा. २०२३ पासून त्यात परदेशी व्हिसा-मास्टरकार्ड जोडता येतं. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, त्यावर ३ टक्के. त्यामुळे भाजी, मेट्रो, जेवण सगळं आरामात होतं. भाड्यासारख्या मोठ्या रकमेला मात्र ते ३ टक्के झोंबतात. भारतातल्या बँकेच्या अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत ना बघा आणि भारतीय सिम काही झालं तरी बंद पडू देऊ नका, ओटीपी तिथेच येणार.

दुसरं म्हणजे नाव. आपल्याकडे स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव अशी तीन डबे जोडलेली गाडी असते. बँकेत ते नाव ज्या क्रमाने, जितक्या जागा सोडून टाइप होईल, अगदी तसंच वीचॅटला (चिनी व्हॉट्सअॅपच म्हणा, पैसेही त्यातून देता येतात) आणि अलीपेला द्यावं लागतं. एक जागा कमी-जास्त झाली की "माहिती जुळत नाही". खातं उघडलं की बँकेने नाव कसं टाइप केलंय त्याचा फोटो काढून ठेवा.

---

वाचू आनंदे | २८ ऑगस्ट

काही उपयोगाची माहिती नाही माझ्याकडे, पण रुमाल टाकून ठेवते. चेंगदूचे फोटो टाका!

---

खविस | २९ ऑगस्ट

सीमेवर काय झालं ते पाच वर्षांत विसरलो आपण. आता त्यांच्या पोरांना फिजिक्स शिकवायला चाललो.

---

फळा आणि खडू | २९ ऑगस्ट

खविस, त्यावर स्वतंत्र धागा काढा, तिथे हवं तेवढं भांडू. बाईंचा अर्ज ३० दिवसांत जायचाय.

कृष्णाकाठ, मी नानजिंगला गणित शिकवत होतो, आता पुण्यात परत. बाकीचे कागदांचं सांगताहेत, मी वर्गाचं सांगतो.

पहिल्या आठवड्यात मुलं तोंड उघडणार नाहीत. "कळलं का?" विचारलंत तर सगळ्या माना हलतील, त्याचा अर्थ काहीही असू शकतो. उत्तर चुकलं तर सगळ्यांसमोर शोभा होईल ही धास्ती असते. मी प्रत्येकाला छोटी पांढरी पाटी दिली. सगळ्यांनी एकदम उत्तर लिहून वर धरायचं, कुणी एकटा पडत नाही. गणितात ही मुलं आपल्याकडच्या हुशार मुलांच्याही पुढे असतात, अडतात ती इंग्रजी वाक्यात. "स्पष्टीकरण द्या" म्हटलं की तीन ओळींचं सूत्र लिहितात आणि शब्द एकही नाही. ए-लेव्हलला तिथेच गुण जातात. तेव्हा तुमचं निम्मं काम भाषेचं आहे हे आत्ताच धरून चाला.

दुपारच्या जेवणानंतर शाळा झोपते. अक्षरशः. बाकावर छोटी उशी टाकून मुलं डोकं टेकतात, दिवे बंद होतात. त्या वेळात कुणाला शंका सोडवायला बोलावू नका, वर्गशिक्षिका रागावते. तिथली वर्गशिक्षिका (बानझुरेन) ही मोठी असामी असते. मुलाचं घर, तब्येत, गुण, आईबापांचं भांडण, सगळं तिला ठाऊक. पालकांचा वीचॅट गट तिच्या ताब्यात. तिच्याशी पहिल्या दिवसापासून सूत जमवा, निम्म्या अडचणी तुमच्यापर्यंत येणारच नाहीत.

सुट्ट्यांचं गणित वेगळंच आहे. मोठी सुट्टी दिली की तिच्या आगेमागे शनिवार-रविवारी भरपाईचे दिवस भरतात. यंदा १ ते ८ ऑक्टोबर सुट्टी आहे, त्यासाठी रविवार २८ सप्टेंबर आणि शनिवार ११ ऑक्टोबर कामाचे. त्या दिवशी कुठल्या वाराचं वेळापत्रक चालणार हे आदल्या संध्याकाळी कळतं. बैठकांचंही तसंच. याबद्दल चिडून उपयोग नाही, चिनी सहकाऱ्यांनाही तेव्हाच कळतं.

---

वऱ्हाडी पोट्टा | ३० ऑगस्ट

फळाभाऊ, मले बी जायचं आहे तिकडं. बीए इंग्लिश झालं आहे. एजंट म्हणते बिझनेस व्हिसावर जाय, इंग्रजी शिकव, तिथं गेल्यावर कागद बदलून देतो. तीन लाख मांगते. जाऊ का?

---

शांघायस्थ | ३० ऑगस्ट

नको रे बाबा, अजिबात नको.

इंग्रजी शिकवायचा परवाना मुख्यतः इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशा देशांच्या पासपोर्टवर मिळतो, आणि भारत त्यात धरत नाहीत. तुझं इंग्रजी कितीही चांगलं असो. आपली माणसं येतात ती विषयशिक्षक म्हणून, गणित, फिजिक्स, कॉम्प्युटर, सोबत पदवी आणि किमान दोन वर्षांचा अनुभव. किंवा योग शिकवायला. कुनमिंगला युनान मिंझू विद्यापीठात २०१५ पासून भारत-चीन योग महाविद्यालयच आहे.

बिझनेस व्हिसावर शिकवणं म्हणजे बेकायदा नोकरी. त्याला ५,००० ते २०,००० युआन दंड आहे, प्रकरण गंभीर धरलं तर वर ५ ते १५ दिवस कोठडी. पकडला तू जाशील, एजंट नाही. शिवाय २०२१ च्या जुलैत सरकारने शालेय विषयांच्या खाजगी शिकवण्यांवर बंधनं आणली, तेव्हा ज्या क्लासेसमध्ये अशी भरती चालायची त्यातले ढिगाने बंद पडले. तुझ्या एजंटाला ही बातमी पोचलेली दिसत नाही.

बी.एड. कर, दोन वर्षं शिकव, मग बघू. व्यनि (खाजगी निरोप) कर, बोलू.

कृष्णाकाठ, हे तुम्हालाही लागू आहे. परवाना तुमच्या शाळेपुरता. एखादे पालक प्रेमाने म्हणतील, "रविवारी आमच्या मुलाला घरी येऊन शिकवाल का?" आकडाही मोठा सांगतील. हसून चहा घ्या आणि नाही म्हणा.

---

कृष्णाकाठ | ४ सप्टेंबर

सगळ्यांचे आभार! गजाभाऊंच्या क्रमाने चाललेय. सिम झालं, तपासणी झाली, आज बँकही झाली.

अनुस्वार, तुमच्या प्रतिसादाची प्रिंट काढून पर्समध्ये ठेवायला हवी होती. खिडकीतल्या मुलीने पासपोर्ट उलटा-सुलटा करून बघितला, मग मधलं नाव कुणाचं म्हणून विचारलं. ऑफिसमधली मुलगी म्हणाली, नवऱ्याचं. यावर खिडकीत तिघीजणी जमल्या. नवऱ्याचं नाव बायकोच्या नावात? त्यांच्याकडे लग्नानंतर बायका आडनावसुद्धा बदलत नाहीत! एकीने मॅनेजरला बोलावलं, त्याने पासपोर्टाच्या तळाच्या दोन ओळींवर बोट ठेवून एकेक अक्षर मोठ्याने वाचलं आणि दुसरीने टाइप केलं. आडनाव, जागा, नाव, जागा, नवऱ्याचं नाव. सगळी कॅपिटल. मी लगेच फोटो काढला, त्या हसल्या. वीचॅटला तेच जसंच्या तसं भरलं आणि एका झटक्यात जुळलं.

आता घर आणि जेवण. शाळेच्या कँटीनमध्ये रोज टोमॅटो-अंडं आणि भात खातेय.

---

मालवणी वहिनी | ५ सप्टेंबर

अगो, थंयसर चार वर्षां काढलंय आम्ही! ह्यांची नोकरी चेंगदूत होती. (बाकीचं सगळ्यांना कळेल असं लिहिते.)

शाकाहारी माणूस चेंगदूत उपाशी राहत नाही, पण फसतो फार. "भाजी द्या" म्हटलं की भाजीच येते, फक्त तिच्यात खिमा असतो. त्यांच्या मते चवीपुरतं टाकलेलं मांस म्हणजे मांस नव्हे. फरसबीची सुकी भाजी घेतलीस तर त्यात खिमा, प्रसिद्ध मापो टोफू घेतलास तर त्यात खिमा, साधी पालेभाजी घेतलीस तर कधी कधी डुकराच्या चरबीत परतलेली. म्हणून नुसतं "मांस नको" पुरत नाही. "वो छ्र सू" (मी शाकाहारी) म्हण आणि पुढे "चू योउ नको" हेही म्हण, ती डुकराची चरबी. दोन्ही चिनी अक्षरांत लिहून फोनमध्ये ठेव आणि सरळ स्वयंपाक्याला दाखव.

सहकारी पहिल्या महिन्यात हॉटपॉटला नेणार म्हणजे नेणारच. तिथला लाल रस्सा बहुतेक ठिकाणी गाईच्या चरबीचा असतो. वर तरंगतो तो तवंग तेलाचा नसतो, बये. "छिंग योउ" म्हणजे साध्या तेलाचा रस्सा मिळतो का ते आधी विचारायला सांग. नाहीतर दोन कप्प्यांचं भांडं मागव आणि एका कप्प्यात मशरूम किंवा टोमॅटोचा रस्सा. त्यातही मटणाचं पाणी नाही ना ते विचारून घे. कमळाचा देठ, बटाटा, टोफूची साय, पालक, सगळं त्यात शिजवून खाता येतं.

निर्धास्त जेवायचं असेल तर वनशू मठात जा, मेट्रोचं स्टेशनच आहे त्या नावाचं. तिथलं जेवण शुद्ध शाकाहारी, कांदा-लसूणसुद्धा नाही. आमच्या जैन शेजारणीला तिथे नेलं तर तिचे डोळे भरून आले.

आणि ते हुआज्याओ! जीभ मुंग्या आल्यासारखी बधिर होते ना, ते आपल्या तिरफळाचं सख्खं भावंड. एकाच कुळातलं झाड, तसंच फोडून आतलं काळं बी टाकायचं आणि साल वापरायची. वास मात्र वेगळा. मी बांगड्याच्या तिखल्यात घालून बघितलं. ह्यांनी खाल्लं, बोलले काही नाहीत. पुढच्या वेळी माहेरून तिरफळं आणली.

मूग ढिगाने मिळतात, कोथिंबीर-मिरची-आलं बाजारात ताजं. तूरडाळ, हिंग, गोडा मसाला भारतातून आण. दही बघून घे, बहुतेक गोड असतं. ज्वारी मिळते, पण तिकडची लाल ज्वारी चिकट जातीची, ती दारू गाळायला वापरतात. भाकरी थापायला गेलीस तर परातीलाच बसेल.

बाजारात म्हाताऱ्या भाजीवाल्या "चार" आणि "दहा" जवळजवळ सारखंच म्हणतात, तिथल्या बोलीत फरक फक्त सुराचा. बोटांनी दाखवायला सांग.

---

अनुस्वार | ५ सप्टेंबर

"ह्यांनी खाल्लं, बोलले काही नाहीत" 😂

---

गजाभाऊ ग्वांगझौ | ६ सप्टेंबर

घराचं. बहुतेक करार "एक अधिक तीन" असतो, एक महिन्याचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ, वर दलाली. म्हणजे पहिल्याच दिवशी पाचेक महिन्यांच्या भाड्याइतके पैसे तयार हवेत. पगार व्हायच्या आधी हे कसं जमवायचं ते शाळेशी बोला, बऱ्याच शाळा उचल देतात.

शाळा घरभाडं भत्ता देत असेल तर मालकाकडून फापियाओ (सरकारी कर-पावती) मिळेल का ते करारात लिहून घ्या. त्या पावतीवर परदेशी कर्मचाऱ्याचा घरभाडं भत्ता करमुक्त ठरतो, ही सवलत २०२७ अखेरपर्यंत आहे. मालक म्हणेल पावती हवी तर कर तुम्ही भरा. दोन्ही आकडे मांडून बघा.

---

शांघायस्थ | ६ सप्टेंबर

थंडीचं कुणी बोललं नाही. उत्तर चीनमध्ये इमारतींना सरकारी उष्णता-नळ असतात, चिनलिंग पर्वत आणि ह्वाई नदीच्या दक्षिणेला नाहीत. चेंगदू दक्षिणेत. तापमान सात-आठ अंश, कागदावर काही नाही, पण हवा ओली, ऊन आठवडे-आठवडे दिसत नाही आणि घराच्या आतही तेवढीच थंडी. वर्गात कोट घालून शिकवाल. घर बघताना एसी गरम हवाही देतो का ते चालवून बघा, विजेचं पांघरूण नोव्हेंबरच्या आधी घ्या, आणि दक्षिणेकडे खिडकी असेल तर भाडं थोडं जास्त द्या. भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी दिसली तर पुढचं घर.

सगळा देश पेइचिंगच्या घड्याळावर चालतो आणि चेंगदू बरंच पश्चिमेला, त्यामुळे जानेवारीत सूर्योदय आठच्या सुमाराला. पहिला तास अंधारातच निघाल्यासारखा वाटतो. म्हणून माझं मत, घर शाळेच्या जवळ घ्या. मौजमजेसाठी मेट्रो आहे.

---

मालवणी वहिनी | ६ सप्टेंबर

ह्याच्याशी मी असहमत. शाळेजवळ राहशील तर शाळाच होऊन बसेल सगळं. मेट्रोवर अर्ध्या तासावर, जुन्या वस्तीत राहा. खाली बाजार, कोपऱ्यावर चहाचं दुकान, म्हाताऱ्या बायका माहजोंग खेळतायत. भाषा तिथेच येते. आमच्या खालच्या आजींनी मला चिनी शिकवलं, क्लासने नाही.

---

कृष्णाकाठ | १२ सप्टेंबर

वहिनी जिंकल्या. शाळेपासून मेट्रोने सात स्टेशनं, जुनी सहा मजली इमारत, लिफ्ट नाही, दक्षिणेकडे गॅलरी. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका, पोलीस चौकीत स्वतः सोबत आल्या, फापियाओलाही तयार. काल परवान्याचा अर्ज गेला, पासपोर्ट आता त्यांच्याकडे.

परवा १० सप्टेंबरला इथला शिक्षक दिन होता. वर्गात गेले तर टेबलावर फुलं आणि एक चिठ्ठी, "बाई, आम्हाला समजतं, आम्ही फक्त बोलत नाही." फळा आणि खडू, पाट्यांची ऑर्डर दिली आहे.

एक राहिलं. घरी बोलायचं कसं? वीचॅट भारतात बंद, व्हॉट्सअॅप इथे बंद.

---

अनुस्वार | १२ सप्टेंबर

वीचॅटवर आपल्याकडे जून २०२० मध्ये बंदी आली, ते सांगलीत चालायचं नाही. भारतीय सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलंत तर इंटरनेट भारतातल्या कंपनीमार्फत फिरून येतं, त्यावर व्हॉट्सअॅप चालतं. रोज तासभर व्हिडिओ परवडणार नाही, पण सासूबाईंचा सकाळचा "शुभ सकाळ" गुलाब पोचेल. इथलं घड्याळ अडीच तास पुढे, त्यांच्या संध्याकाळच्या मालिका सुरू व्हायच्या आत फोन लावा.

---

फळा आणि खडू | १३ सप्टेंबर

चिठ्ठी जपून ठेवा हो. अवांतर: महाराष्ट्र कुठे हे तिकडे कुणाला कळत नाही. "के दीहुआ" म्हणा, ते आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं चिनी नाव. वयस्कर माणसं लगेच ओळखतात, तुमच्या मालकीणबाई तर नक्कीच.

---

कृष्णाकाठ | १५ सप्टेंबर

ओळखलं! जेवायला बोलावलंय रविवारी. चरबी नको हे त्यांना लिहून दिलंय.

सुट्टीत शीआनला जावं म्हणतेय. पासपोर्ट नाही हातात, पावतीवर तिकीट निघेल का?

---

गजाभाऊ ग्वांगझौ | १५ सप्टेंबर

तिकीट पासपोर्ट क्रमांकावर निघतं, पावती आणि पासपोर्टाची प्रत जवळ ठेवा आणि फाटकावर यंत्रापाशी न थांबता माणूस असलेल्या खिडकीतून जा. रेल्वेच्या १२३०६ अॅपवर तिकिटं १५ दिवस आधी खुली होतात, तेव्हा आज रात्रीच अॅपवर नाव नोंदवून ठेवा, परदेशी पासपोर्टाची पडताळणी व्हायला वेळ लागतो. १ ऑक्टोबरचा नाद सोडा, अख्खा देश त्या दिवशी निघतो. ३ ला जा, ७ ला या. चेंगदू ते शीआन वेगवान गाडीने चारेक तास. शीआनच्या मुस्लिम गल्लीत सगळीकडे मटण आहे, पण थंडगार ल्यांगपी मिळते, तांदळाच्या किंवा गव्हाच्या पट्ट्या, व्हिनेगर आणि तिखट तेल. ती खा. आणि ११ तारखेला शनिवारी शाळा आहे, विसरू नका.